कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर उतरतं, पण परत कॅसेटवर भरत नाही: मिनीडीव्हीचा उलटा प्रवास कुठे अडतो

परभणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात सोनीचा जुना मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्र घेणारा, हँडीकॅम आहे. आई-वडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची टेप फायरवायर केबलने (कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणारी, यूएसबीहून वेगळी केबल) कॉम्प्युटरवर नीट उतरली. मिक्सिंग करून पन्नास मिनिटांची फिल्म तयार झाली. आता तीच फिल्म कॅसेटवर भरायची आहे, तर सॉफ्टवेअर कधी कॅमेरा ऑफलाइन दाखवतं, कधी कॅमेरा रेकॉर्डला लागतो पण टेपवर नुसता निळा-काळा पडदा येतो. एकदा चित्र उतरलं, पण अडखळत आणि आवाज तुटत. कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे. दोष कॅमेऱ्याचा, केबलचा की सॉफ्टवेअरचा?

तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं वेगवेगळ्या दुखण्यांची आहेत. ऑफलाइन म्हणजे कॅमेऱ्याशी बोलणंच होत नाही. काळा किंवा निळा पडदा म्हणजे बोलणं होतं, पण जे पाठवताय ते कॅमेऱ्याला घेता येत नाही. अडखळणं म्हणजे घेता येतं, पण वेळेवर पोहोचत नाही किंवा टेपवर नीट उमटत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बदलत बसण्याआधी कॅमेऱ्यापासून सुरुवात करा. लोक उलट्या टोकाने, म्हणजे कॉम्प्युटरपासून सुरू करतात आणि दोन-दोन दिवस ड्रायव्हर बदलण्यात घालवतात.

सगळ्यात आधी एक काम. मूळ टेप कॅमेऱ्यात असेल तर बाहेर काढा आणि तिच्या कडेची छोटी पट्टी 'सेव्ह'कडे सरकवून कपाटात ठेवा. भरण्याच्या सगळ्या चाचण्या कोऱ्या किंवा टाकाऊ कॅसेटवरच करायच्या. रेकॉर्डच्या चाचणीत मूळ टेप आत राहिली तर त्या सेकंदांवरचं जुनं चित्र कायमचं गेलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

कॅमेरा बाहेरचं चित्र घेतो का?

फायरवायरचं भोक आहे म्हणून कॅमेरा दोन्ही दिशांनी काम करेलच असं नाही. भोकाशेजारी काय छापलंय ते भिंगातून वाचा. 'डीव्ही इन/आउट' असेल तर घेतो. नुसतं 'डीव्ही आउट' असेल तर तो फक्त देतो, घेत नाही. काही मॉडेलवर नुसतं 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' (फायरवायरचंच सोनीचं नाव) एवढंच असतं, तिथे मेनू बघावा लागतो. टचस्क्रीनच्या सोनी एचसी मालिकेत प्ले/एडिट मोडच्या मेनूत 'आरईसी कंट्रोल' नावाची ओळ आणि तिच्या आत 'आरईसी पॉज' असेल तर कॅमेरा बाहेरून रेकॉर्ड करू शकतो. जुन्या टीआरव्ही मालिकेत व्हीसीआर मोडला आरईसी आणि त्याच्या उजवीकडचं बटण एकदम दाबल्यावर रेकॉर्ड सुरू होतं.

मॉडेल नंबरच्या शेवटी ई असला की डीव्ही इन बंद, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. ई म्हणजे पाल, आपल्याकडच्या टीव्हीच्या, पद्धतीचा कॅमेरा, एवढंच. गोंधळ युरोपामुळे झाला. तिथल्या आयात शुल्काच्या नियमांत बाहेरून रेकॉर्ड करू शकणारं यंत्र व्हिडिओ रेकॉर्डरच्या खात्यात जायचं आणि त्यावर जास्त कर लागायचा. म्हणून कंपन्या युरोपासाठीच्या अनेक मॉडेलांत डीव्ही इन बंद करून पाठवायच्या. आपल्याकडे मुलगा-जावई परदेशात, त्यामुळे कॅमेरा नेमका कुठून आला ते घरात विचारा. युरोपातून आणलेला असेल तर ही शंका सगळ्यात आधी घ्या. अमेरिकेतून आणलेला असेल तर तो एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीचा, असेल, त्याचं पुढे बोलू.

बंद केलेलं डीव्ही इन सर्व्हिस मोडमधून उघडण्याच्या युक्त्या काही मॉडेलांसाठी फिरत असत. त्यात कॅमेऱ्याच्या मेमरीतली सेटिंग बदलावी लागते. एक आकडा चुकला तर आज निदान टेप वाचणारा कॅमेराही हातचा जातो, आणि आता असा कॅमेरा दुरुस्त करणारा कारागीर व सुटे भाग दोन्ही दुर्मीळ आहेत. घरात जुन्या टेपांचा साठा असेल तर या वाटेला जाऊ नका. ज्याच्याकडे डीव्ही इन असलेला कॅमेरा आहे त्याच्याकडून दोन तासांसाठी मागून आणा. लातूर, नांदेड, बीड, कुठेही लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या मंडळींकडे असा एखादा कॅमेरा अजून पडून असतो. लग्नाचं मिक्सिंग करून परत टेपवर भरायचं काम याच कॅमेऱ्यांवर चालायचं.

आता खरी चाचणी. कॅमेरा व्हीसीआर किंवा प्ले/एडिट मोडला घ्या. कॅमेरा मोडला असेल तर तो लेन्समधलंच चित्र घेणार, बाहेरचं नाही. 'ऑफलाइन'च्या तक्रारींमागेही हे बटण बऱ्याचदा निघतं. टेप थांबलेली ठेवा, कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवा आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये डीव्ही आउटपुट चालू करून फिल्म नुसती प्ले करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'डीव्ही इन' उमटलं आणि तुमची फिल्म दिसू लागली तर कॅमेरा, केबल, कार्ड, ड्रायव्हर हे सगळं ठीक आहे, मग उरलेला दोष टेप, हेड (टेपवर चित्र उमटवणारा भाग) किंवा रेकॉर्डच्या आज्ञेत शोधायचा. काहीच दिसलं नाही तर टेपचा विचारच करू नका, दोष अलीकडे आहे. या दोन मिनिटांच्या चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते.

केबल आणि कार्ड

फायरवायर म्हणजे आयईईई १३९४. हे मानक १९९५ चं, वेग ४०० मेगाबिट. डीव्हीला त्यातला फार थोडा वेग लागतो, चित्र, आवाज आणि बाकीची माहिती मिळून सेकंदाला ३.६ मेगाबाइट. म्हणजे वेगाची अडचण क्वचितच असते, अडचण असते ती जोडणीची.

कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांचं छोटं भोक, त्यात वीज नसते. डेस्कटॉपच्या कार्डावर बहुधा सहा पिनांचं, त्यात डेटाबरोबर वीजही असते. ९ पिनांचं म्हणजे फायरवायर ८००. केबलची लांबी साडेचार मीटरच्या आत हवी. सहा पिनांचा प्लग एका बाजूला निमुळता असतो, पण जुन्या कार्डाचं भोक सैल झालेलं असलं की तो जोर लावून उलटा घुसू शकतो. मग १२ व्होल्टच्या आसपासची वीज सरळ डेटाच्या तारांवर जाते आणि कॅमेऱ्याची डीव्ही चिप जळते. कॅमेरा नंतरही टेप दाखवतो, शूटिंगही करतो, फक्त फायरवायर कायमचं मुकं होतं. म्हणून हा प्लग कॉम्प्युटरच्या मागे हात घालून अंदाजाने लावू नका. टॉर्च घ्या आणि बघून लावा.

यूएसबीबद्दल स्पष्ट सांगतो. मिनीडीव्ही कॅमेऱ्यावरचं यूएसबी बहुतेक मॉडेलांत फोटो काढून घ्यायला किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र दाखवायला असतं, त्यातून टेपवर भरता येत नाही. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी साधी केबल किंवा छोटा अॅडॉप्टर ऑनलाइन स्वस्तात दिसतो. तो घेऊ नका. दोन्हींची भाषा वेगळी, विजेची रचना वेगळी, मधे कुठलीही चिप नाही. त्याने काम होत नाहीच, वर कॅमेऱ्याला धोका. डेस्कटॉपला पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड लावा, जुन्या लॅपटॉपला एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत बसणारं कार्ड मिळतं. घेताना चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आहे का ते बघा, कॅमेऱ्यांशी तिचं सगळ्यात चांगलं जमतं.

आता अर्थिंग. मराठवाड्यात हा मुद्दा सोडून चालत नाही. आपली काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईपासून सुटते, ओल जाते आणि अर्थिंग नावालाच उरतं. जुन्या घरांत तर तीन पिनांच्या सॉकेटमधली वरची पिन बऱ्याचदा कुठेच जोडलेली नसते. अशा वेळी डेस्कटॉपच्या पत्र्यावर उलट्या बोटाने हलका हात फिरवला की झिणझिण्या येतात. ती वीज पत्र्यावर साठलेली असते, आणि कॅमेरा दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर असल्याने तिला जायला वाट म्हणून फायरवायरची केबल मिळते. जोडताना बारीक ठिणगी पडली की चिप गेली. म्हणून फायरवायर चालू यंत्रात लावता येतं असं पुस्तकात लिहिलेलं असलं तरी तुम्ही तसं करू नका. कॉम्प्युटर बंद, कॅमेरा बंद, दोन्हींचे प्लग सॉकेटमधून बाहेर, मग केबल लावा. आधी कॉम्प्युटर सुरू करा, विंडोज पूर्ण उघडू द्या, मग कॅमेरा सुरू करा. काढताना उलट क्रम. अर्थिंग कच्चं वाटत असेल तर वायरमनकडून तपासून घ्या. खड्ड्यात पाणी घातल्यावर झिणझिण्या कमी झाल्या तर कारण तेच होतं.

आणि वीज कशावर घ्यायची? कॉम्प्युटर यूपीएसवर आणि कॅमेरा भिंतीच्या सॉकेटवर, अशी मांडणी सर्रास असते. चाळिसाव्या मिनिटाला लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि कॅमेरा थांबतो. कॅमेऱ्याला बॅटरी लावलेली आहे म्हणून तो तिच्यावर चालेल, या भरवशावर राहू नका. सोनीच्या अनेक मॉडेलांत अॅडॉप्टरची पिन कॅमेऱ्यात असेपर्यंत बॅटरी वीज देत नाही, भिंतीतली लाइट गेली तरीही. तेव्हा कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर आणि कॉम्प्युटर एकाच यूपीएसच्या बोर्डवर घ्या. साध्या यूपीएसवर डेस्कटॉप तासभर टिकत नसेल तर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा भारनियमन नसलेली वेळ पकडा.

विंडोज १० आणि ड्रायव्हर

विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा नवा ड्रायव्हर आणला, पण जुना 'लेगसी' नावाचा ड्रायव्हरही बरोबर ठेवला. विंडोज ८ पासून तो जुना ड्रायव्हर काढून टाकला. डीव्ही कॅमेऱ्याशी अनेक कार्डांचं जुन्या ड्रायव्हरवरच नीट जमतं, विशेषतः पाठवण्याच्या बाजूने. कॅप्चर होतं आणि एक्सपोर्ट होत नाही, या तक्रारीत हे एक ठळक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने हा लेगसी ड्रायव्हर नंतर वेगळा डाउनलोड म्हणून दिला होता. तो आधी इन्स्टॉल करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयईईई १३९४ होस्ट कंट्रोलरवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, कॉम्प्युटरवर शोधा, यादीतून निवडा, आणि यादीत '१३९४ ओएचसीआय कम्प्लायंट होस्ट कंट्रोलर' या नावापुढे 'लेगसी' असलेली ओळ निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. कॅमेरा सुरू केल्यावर इमेजिंग डिव्हाइसेसखाली 'मायक्रोसॉफ्ट डीव्ही कॅमेरा अँड व्हीसीआर' असं नाव यायला हवं. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर तिथूनच अनइन्स्टॉल करा, कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करा.

तरी जमलं नाही तर विंडोज १० शी झटत बसू नका. फायरवायरचं भोक असलेला एखादा जुना कोअर टू ड्युओ लॅपटॉप किंवा डेस्कटॉप शोधा, त्यावर ३२ बिट विंडोज ७ किंवा एक्सपी सर्व्हिस पॅक ३ टाका आणि तो इंटरनेटला न जोडता फक्त याच कामाला ठेवा. या पिढीचं काम या पिढीच्या यंत्रावर विनातक्रार होतं. एक्सपीतल्या मूव्ही मेकरमध्ये डीव्ही कॅमेऱ्यावर पाठवण्याची सोय आहे, व्हिस्टाच्या मूव्ही मेकरमध्येही आहे. नंतरच्या विंडोज लाइव्ह मूव्ही मेकरमधून ती काढून टाकली, तिथे शोधू नका. मॅकवर आयमूव्ही एचडी टेपवर भरायचं, आयमूव्ही ०८ पासून ते बंद झालं. फायनल कट प्रो ७ मध्ये 'प्रिंट टू व्हिडिओ' आहे, त्याच्या पुढच्या फायनल कट प्रो एक्समध्ये टेपवर पाठवणं नाही.

तयार डीव्ही फाइल फक्त टेपवर ओतायची असेल तर विनडीव्ही नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते कॅप्चरही करतं आणि कॅमेऱ्यावर रेकॉर्डही करतं. फक्त ते फाइल बदलून देत नाही, फाइल आधीच शुद्ध डीव्हीची हवी. अडोबीचं प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमधल्या डिव्हाइस कंट्रोलमध्ये जाऊन व्हिडिओ स्टँडर्ड पाल, डिव्हाइसचा ब्रँड सोनी, टाइप शक्य तितका जवळचा निवडा आणि 'चेक स्टेटस' दाबा. ऑनलाइन आलं तरच पुढे जा. एका वेळी एकच सॉफ्टवेअर कॅमेरा पकडू शकतं, मागे कॅप्चरची खिडकी उघडी राहिली तरी दुसऱ्याला तो ऑफलाइन दिसतो.

काळ्या पडद्याचं कारण बहुधा फाइलमध्ये असतं

कॅमेरा फोनसारखा वाटेल ती फाइल समजून घेत नाही. त्याला एकच साचा कळतो. पाल डीव्हीसाठी तो असा: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, लोअर फील्ड फर्स्ट (फील्ड म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग, त्यातला खालचा आधी), आवाज १६ बिट ४८ किलोहर्ट्झ. सॉफ्टवेअरने प्रोजेक्ट सुरू करताना एनटीएससी धरलं, म्हणजे ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम, की पाल कॅमेरा निळा पडदा दाखवणार. उलटही खरं, अमेरिकेतून आणलेला एनटीएससी कॅमेरा पालची फाइल घेणार नाही. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये हे आधी बघा. बनून गेलेल्या प्रोजेक्टमध्ये बदलता येत नसेल तर पालचा नवा प्रोजेक्ट करून टाइमलाइन त्यात आणा.

मिक्सिंगमध्ये फोनवरचे तुकडे घातले असतील तर तिथे खास लक्ष द्या. फोनचं रेकॉर्डिंग बहुधा ३० फ्रेमचं असतं आणि फ्रेमचा वेग मधेच बदलतो. ते थेट टाइमलाइनवर टाकलं की तेवढ्या भागात ओठ आणि आवाज जुळत नाहीत. असे तुकडे आधी वेगळे २५ फ्रेमच्या डीव्हीत बदलून घ्या. एफएफएमपेग हे फाइल बदलून देणारं फुकट सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर त्यातलं 'पाल-डीव्ही' हे टार्गेट दिलं की आकार, फ्रेम, आवाज सगळं एकदम साच्यात बसतं.

फील्डचा क्रम चुकला तर चित्र काळं होत नाही, पण वेगळंच दुखणं दिसतं. उभ्या माणसाचं चित्र स्वच्छ, आणि वरातीत नाचणाऱ्यांचे हात मात्र थरथरल्यासारखे, मागे-पुढे झाल्यासारखे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हे लक्षात येत नाही, जुन्या टीव्हीवर लगेच दिसतं. डीव्ही म्हणजे लोअर फील्ड, हे एकच लक्षात ठेवा.

आवाजाची गोष्ट त्याहून जास्त वेळा चुकते. मागे घातलेली गाणी बहुधा ४४.१ किलोहर्ट्झची असतात. पाल डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमबरोबर ४८ किलोहर्ट्झला १९२० नमुने जायला हवेत. एक्सपोर्ट ४४.१ वर राहिलं तर आवाज गायब होतो, किंवा तुटत-किरकिरत येतो. तुमच्या 'आवाज तुटत' या तक्रारीत मी आधी हेच तपासेन. सगळ्या ऑडिओ ट्रॅकचं रेंडर ४८ ला करून घ्या.

पूर्ण फिल्म आधी एकाच डीव्ही एव्हीआय फाइलमध्ये रेंडर करा आणि मगच ती टेपवर पाठवा. टाइमलाइनवरून थेट पाठवलं तर एखाद्या टायटलशी किंवा मिक्सच्या जागी प्रोसेसर धापा टाकतो आणि फ्रेम गळतात. रेंडर झालेली फाइल फक्त वाचून पाठवायची असते. तासाला १३ गिगाबाइट या हिशोबाने तुमच्या पन्नास मिनिटांची फाइल ११ गिगाबाइटच्या आसपास होईल. ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ गिगाबाइटला, म्हणजे विसाव्या मिनिटाच्या आसपास फाइल तुटते. एनटीएफएस करा. डीव्ही एव्हीआयचे दोन प्रकार असतात, टाइप १ आणि टाइप २. सॉफ्टवेअरने एक नाकारला तर दुसऱ्यात सेव्ह करून बघा, चित्राच्या दर्जात काही फरक पडत नाही.

टेपवर भरताना

फाइल कॉम्प्युटरच्या आतल्या हार्ड डिस्कवर ठेवा, पेनड्राइव्हवर किंवा फायरवायरच्याच साखळीत लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर नको. अँटिव्हायरसचं स्कॅनिंग, विंडोज अपडेट, वायफाय, स्क्रीनसेव्हर, स्लीप हे सगळं तासभर बंद. लॅपटॉप असेल तर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सला. सरासरी वेग कितीही असला तरी मधेच अर्धा सेकंद डिस्क थबकली की कॅमेरा तेवढा वेळ शेवटची फ्रेम धरून ठेवतो, आणि तेच तुम्हाला अडखळल्यासारखं दिसतं.

फिल्मच्या सुरुवातीला ३० सेकंद आणि शेवटी १५ सेकंद काळा भाग जोडा. कॅमेऱ्याला रेकॉर्डची आज्ञा मिळाल्यापासून टेप ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या भागाला, लपेटून वेग धरेपर्यंत काही सेकंद जातात. काळा भाग नसेल तर तुमच्या टायटलची पहिली अक्षरं कापली जातात. प्रीमियरमध्ये 'डिले मूव्ही स्टार्ट' आणि 'प्रीरोल' हे दोन आकडे याच कामासाठी आहेत, तरीही काळा भाग जोडलेला बरा.

सॉफ्टवेअर कॅमेऱ्याला रेकॉर्डला लावू शकत नसेल तर हाताने लावा. कॅमेरा रेकॉर्ड-पॉजला घ्या, फाइल काळ्या भागापासून प्ले करा, पडद्यावर 'डीव्ही इन' दिसतंय याची खात्री झाली की पॉज सोडा. पॉजमध्ये कॅमेरा फार वेळ ठेवू नका. हेड एकाच जागी फिरत राहून टेप घासली जाते, म्हणून काही मिनिटांत तो आपणहून थांबतो. मग सॉफ्टवेअर पाठवत राहतं, तुम्हाला वाटतं भरतंय, आणि टेप हललेलीच नसते.

एसपी (नेहमीच्या वेगाचा) मोड ठेवा, एलपी (टेप हळू चालवून जास्त वेळ भरणारा) नको. एसपीत ट्रॅकची रुंदी १० मायक्रॉन, एलपीत ६.७. एलपीत ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात खरं, पण एका कॅमेऱ्यावर भरलेली एलपी टेप दुसऱ्यावर चौकडे-चौकडे दाखवते. पन्नास मिनिटांच्या फिल्मला त्याची गरजही नाही.

कॅसेट नवी असेल तर एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करून घ्या, ताण सारखा होतो. ठरावीक टाइमकोडवर (टेपवरच्या वेळेच्या खुणेवर) भरायचं असेल तर लेन्सची टोपी लावून आधी पूर्ण कॅसेट काळी रेकॉर्ड करून घ्यावी लागते, नाहीतर कोऱ्या भागात कॅमेऱ्याला टाइमकोड सापडत नाही आणि 'असेंबल'चं काम मधेच थांबतं. पहिल्या सेकंदापासून सरळ भरायचं असेल तर याची गरज नाही. कॅसेटची पट्टी 'आरईसी'कडे आहे ना, तेही बघा. 'सेव्ह'कडे असेल तर कॅमेरा सगळं ऐकतो, फक्त रेकॉर्ड करत नाही.

पडद्यावर फिल्म स्वच्छ दिसत होती, पण टेप परत लावल्यावर चौकडे किंवा आडवे पट्टे दिसले, तर दोष हेडचा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याच्या हेडवर धूळ आणि टेपचा लेप बसलेला असतो. कोरडी क्लीनिंग कॅसेट सुमारे १० सेकंद चालवा, डबीवर लिहिलंय तेवढंच. ती पुन्हा पुन्हा चालवली तर हेड झिजतं. सोनीत सी:२२ हा कोड हेडच्या घाणीचा आणि सी:२१ ओलाव्याचा. सी:३१ किंवा सी:३२ आला तर वीज आणि बॅटरी काढून पुन्हा जोडा, तरी गेला नाही तर आतली यांत्रिक गडबड आहे, टेप जबरदस्तीने ओढून काढू नका.

सी:२१ बद्दल आपल्या भागापुरतं सांगायला हवं. उन्हाळा कोरडा आहे म्हणून ओलाव्याची शंका कुणी घेत नाही. पण खोलीत वाळ्याचा कूलर चालू असतो आणि तो दमट हवाच फेकतो. कॅमेरा कूलरच्या झोतात ठेवला किंवा एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत आणला की ड्रमवर बाष्प धरतं, आणि टेप त्याला चिकटते. कोड आला की कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा आणि कॅमेरा तासभर साध्या पंख्याच्या खोलीत राहू द्या. ड्रायरची गरम हवा देऊ नका. भरायचं काम कूलर बंद करून, शक्यतो सकाळी करा.

कॅमेरा एचडीव्ही असेल, किंवा कार्डचा असेल

एचडीव्ही म्हणजे टेपवरचाच हाय डेफिनिशन प्रकार. त्याची कॅसेट तीच, केबल तीच, पण आत एमपेग-२ असतं, १४४० बाय १०८०, २५ मेगाबिट. सॉफ्टवेअर टेपवर पाठवण्याआधी पूर्ण फिल्म एमपेगमध्ये बदलतं, जुन्या यंत्रावर याला काही तास लागतात, ते अडकलं असं समजू नका. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हीसीआर एचडीव्ही/डीव्ही हे सेटिंग 'ऑटो'वर न ठेवता स्पष्टपणे एचडीव्ही करा आणि आय-लिंक कन्व्हर्ट बंद ठेवा. ते चालू असलं की कॅमेरा कॉम्प्युटरला डीव्ही कॅमेरा म्हणून दिसतो आणि एचडीव्हीची फाइल नाकारली जाते. हे सेटिंग केबल काढून बदला, मग जोडा. इथे फ्रेम १२-१२ च्या गटात बांधलेल्या असतात. एक गळाली की जवळपास अर्ध्या सेकंदाचं चित्र थिजतं, म्हणून स्वच्छ हेड आणि चांगली टेप यांना डीव्हीपेक्षाही जास्त महत्त्व.

कार्डच्या किंवा हार्ड डिस्कच्या एव्हीसीएचडी कॅमेऱ्यात फाइल सरळ फोल्डरमध्ये पेस्ट केली तर कॅमेरा ती दाखवत नाही. तो स्वतःच्या सूचीतल्याच फाइली ओळखतो. कंपनीच्याच सॉफ्टवेअरने, म्हणजे सोनीच्या प्लेमेमरीज होम किंवा पॅनासॉनिकच्या एचडी रायटरने, ती कार्डावर पाठवावी लागते, आणि फाइलचा साचा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगशी हुबेहूब जुळावा लागतो. पेस्ट केल्यावर कॅमेरा सूची दुरुस्त करायला विचारत असेल तर आधी कार्डाची पूर्ण प्रत कॉम्प्युटरवर घ्या, मगच हो म्हणा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी भोकाशेजारचा मजकूर आणि आरईसी कंट्रोल. ते असेल तर लेगसी ड्रायव्हर, मग पडद्यावर 'डीव्ही इन'ची चाचणी, मग पाल आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये रेंडर. पहिल्यांदा पूर्ण फिल्म न पाठवता दोन मिनिटांचा तुकडा टाकाऊ कॅसेटवर भरा, तो कॅमेऱ्यात लावून टीव्हीवर आवाजासकट बघा. पूर्ण फिल्म भरून झाली की कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पाहा, पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, लेबलवर तारीख आणि 'एसपी, पाल' लिहा, आणि ११ गिगाबाइटची ती डीव्ही फाइल डिलीट न करता दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कॅसेट उद्या खराब झाली तर त्याच दर्जाची दुसरी प्रत तिच्यातूनच निघेल.